घासणाऱ्या टायरची भूमिती

पिकअप ट्रकला कारखान्यातून आलेल्या टायरांऐवजी मोठे टायर बसवले की ते आजूबाजूच्या भागांना घासू लागतात, ही तक्रार वरवर पाहता साधी वाटते, कारण मोठी वस्तू लहान जागेत मावत नाही हे कोणालाही समजते. तरीही गाडी सपाट जमिनीवर उभी असताना ज्या चाकाभोवती तीन-चार बोटे मोकळी जागा दिसते, तेच चाक आवारातून बाहेर पडताना, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना किंवा गतिरोधकावर तिरके चढताना खरखर आवाज करते, तेव्हा केवळ उभ्या चाकाकडे पाहून केलेला अंदाज अपुरा होता हे लक्षात येते. चाक एका जागी राहत नाही. ते वळते, वर-खाली होते आणि ब्रेक लागला की किंचित पुढे-मागेही सरकते. या सर्व हालचालींत मिळून टायर जी जागा व्यापतो ती त्याच्या स्वतःच्या आकारापेक्षा बरीच मोठी असते, आणि घासण्याचा संबंध उभ्या टायरच्या आकाराशी नसून या व्यापलेल्या जागेशी असतो. ही एक गोष्ट नीट न कळल्यामुळे अनेक मालक गाडी उंच करण्यावर मोठा खर्च करतात आणि त्यानंतरही टायर पूर्वीच्याच जागी घासत राहतो.

या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील टोयोटा टॅकोमा या मध्यम आकाराच्या पिकअपचे आहे. २०१६ ते २०२३ या मॉडेल-वर्षांतील तिसऱ्या पिढीच्या टॅकोमाला मूळचे २६५/६५ आर १७ मापाचे टायर काढून २८५/७० आर १७ मापाचे टायर बसवण्याची प्रथा तेथे इतकी रुळलेली आहे की त्यासाठी चासीचा कोणता तुकडा किती कापावा लागतो हेही त्या गाडीच्या मालकांना पाठ असते. टॅकोमा भारतात विकली जात नाही. मात्र २०१६ पासून भारतात मिळणारी इसुझू व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये येथे आलेली टोयोटा हायलक्स यांची मूळ रचना तशीच आहे. शिडीसारखी स्वतंत्र चासी, तिच्यावर रबरी बुशांच्या आधाराने बसवलेली केबिन, पुढे दोन आडव्या आर्मांचे सस्पेन्शन आणि मागे पाट्यांच्या स्प्रिंगांवर टेकलेला अखंड अॅक्सल अशी ही मांडणी असते. म्हणून प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असले तरी टॅकोमाच्या निमित्ताने समजलेली भूमिती या गाड्यांनाही लागू पडते.

प्रथम टायरवर छापलेले माप वाचायला हवे. २६५/६५ आर १७ यातील २६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी असते, ६५ हे त्या रुंदीच्या तुलनेत बाजूच्या भिंतीच्या उंचीचे शेकडा प्रमाण असते, आर हे अक्षर टायर रेडियल बांधणीचा आहे असे सांगते आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास असतो. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात २६५ च्या ६५ टक्के, म्हणजे १७२.२५ मिलिमीटर, एकदा वरच्या आणि एकदा खालच्या भिंतीसाठी मिळवले की टायरचा पूर्ण व्यास ७७६.३ मिलिमीटर येतो. याच पद्धतीने २८५/७० आर १७ चा व्यास ८३०.८ मिलिमीटर भरतो. दोन्हींतील फरक ५४.५ मिलिमीटर असला तरी चाकाच्या केंद्रापासून मोजल्यास टायर प्रत्येक दिशेला त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे २७ मिलिमीटरने वाढतो. तेवढेच केंद्र जमिनीपासून वर उचलले जाते, आणि तेवढाच टायर पुढच्या बंपरच्या, मागच्या केबिनच्या आणि वरच्या मडगार्डच्या जवळ सरकतो. रुंदीतील २० मिलिमीटरची वाढ आत आणि बाहेर १०-१० मिलिमीटर अशी वाटली जाते. यांच्या मधले २६५/७० आर १७ हे माप घेतले तर व्यास ८०२.८ मिलिमीटर होतो, म्हणजे त्रिज्येतील वाढ अवघी १३ मिलिमीटर राहते. कापाकापी टाळू इच्छिणारे पुष्कळ मालक याच मापावर थांबतात आणि त्यांचा हा निर्णय शहाणपणाचा असतो.

छापलेले माप हे नाममात्र असते, ही गोष्टही येथे ध्यानात ठेवली पाहिजे. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांच्या प्रत्यक्ष व्यासात आणि रुंदीत काही मिलिमीटरचा फरक असू शकतो, आणि चिखलासाठी बनवलेल्या टायरांच्या खांद्यावर, म्हणजे तळ व बाजूची भिंत जिथे मिळतात त्या कडेवर, जाड ठोकळे असतात, त्यामुळे असा टायर साध्या टायरपेक्षा आधी घासतो. रिमची रुंदी अर्ध्या इंचाने वाढवली तर तोच टायर साधारण ५ मिलिमीटरने रुंद होतो, असा या व्यवसायातील सर्वमान्य अंदाज आहे. शेजाऱ्याच्या गाडीवर न घासणारे माप आपल्या गाडीवर घासते, याचे कारण बहुतेक वेळा या बारीक फरकांत सापडते.

टायरच्या मापाइतकीच महत्त्वाची आणि त्याहून अधिक दुर्लक्षिली जाणारी राशी म्हणजे रिमचा ऑफसेट. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि रिम जिथे हबवर टेकतो ती सपाटी यांच्यातील अंतराला ऑफसेट म्हणतात. ही सपाटी मध्यापेक्षा बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन मानतात आणि चाक गाडीच्या आत दडलेले राहते. ती आतल्या बाजूस असेल तर ऑफसेट ऋण होतो आणि चाक बाहेर येते. रिमवर ईटी ही दोन अक्षरे कोरून त्यापुढे लिहिलेला आकडा हाच असतो; ही अक्षरे आइनप्रेसटीफं या जर्मन शब्दाची आहेत. ईटी ३० च्या जागी ईटी ० चा रिम बसवला तर चाक ३० मिलिमीटर बाहेर येते, आणि मूळ रिम तसाच ठेवून हबवर ३० मिलिमीटर जाडीचा स्पेसर लावला तरी परिणाम तोच होतो. बाहेर आलेले चाक गाडीला रुंद आणि भक्कम रूप देते, म्हणून मोठ्या टायरांसोबत असे रिम सर्रास विकले जातात. परंतु घासण्याच्या बहुतांश तक्रारी याच निवडीमुळे बळावतात.

हे असे का होते ते समजण्यासाठी चाक कशाभोवती वळते हे पाहावे लागते. स्टिअरिंग फिरवल्यावर चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही. वरच्या आणि खालच्या आर्मच्या टोकांना असलेल्या दोन बॉल जॉइंटांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेभोवती ते वळते, आणि ही रेषा, जिला स्टिअरिंगचा अक्ष म्हणतात, अॅक्सलच्या उंचीवर टायरच्या मध्याच्या आतल्या बाजूस असते. त्यामुळे टायरची बाहेरची मागची कड ही या अक्षापासून सर्वांत दूरचा बिंदू ठरते आणि वळताना तीच सर्वांत मोठा कंस काढते. समजा अक्ष आणि टायरचा मध्य यांत ४० मिलिमीटर अंतर आहे. मूळ टायरची त्रिज्या ३८८ मिलिमीटर आणि अर्धी रुंदी १३२.५ मिलिमीटर धरली, तर अक्षापासून त्या कडेचे अंतर काटकोन त्रिकोणाच्या नियमाने सुमारे ४२५ मिलिमीटर येते. टायर बदलून २८५/७० आर १७ केला आणि रिम तोच ठेवला, तर हे अंतर सुमारे ४५४ मिलिमीटर होते. आणि सोबत ३० मिलिमीटर बाहेर येणारा रिमही लावला, तर ते ४६७ मिलिमीटरवर जाते. प्रत्यक्षात टायरचे खांदे गोलसर असल्याने आणि अक्ष तिरका असल्याने हे आकडे थोडे बदलतात, पण त्यांच्यातील परस्परसंबंध तोच राहतो. टायर वाढल्याने २९ मिलिमीटरची गरज निर्माण झाली होती, तिच्यात केवळ दिसण्यासाठी निवडलेल्या रिमने आणखी १३ मिलिमीटरची भर घातली.

याच हिशेबातून आणखी एक कोडे सुटते. डावे चाक डावीकडे वळवले की त्याची मागची बाजू आत जाते आणि बाहेरची मागची कड हळूहळू अक्षाच्या थेट मागे येते. वरच्या उदाहरणात ती साधारण २४ ते २७ अंशांवर तिथे पोहोचते आणि त्यानंतर आणखी वळवल्यास पुन्हा दूर जाऊ लागते. त्यामुळे काही गाड्यांत स्टिअरिंग पूर्ण वळवण्याच्या थोडे आधी घासण्याचा आवाज येतो आणि पूर्ण वळवल्यावर तो थांबतो. ही विसंगती पाहून बेअरिंग किंवा जॉइंट खराब झाल्याचा संशय घेतला जातो, पण भाग सुस्थितीत असतात. कड फक्त आपल्या कंसावरील सर्वांत मागच्या बिंदूवरून गेलेली असते. उलट दिशेला वळवताना हीच गोष्ट पुढच्या बाहेरच्या कडेबाबत घडते आणि टायर बंपरच्या खालच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या आत बसवलेल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला लागतो.

आता गाडी उंच करण्याच्या उपायाकडे वळता येते. स्प्रिंगच्या वर ठोकळा ठेवून, म्हणजे लिफ्ट किट बसवून, किंवा उंच स्प्रिंग घालून गाडी दोन-तीन इंच उचलली की उभ्या गाडीत टायर आणि मडगार्ड यांतील अंतर भरपूर वाढते, आणि ते डोळ्यांना दिसत असल्याने प्रश्न सुटला असे वाटते. परंतु चाक वर जाण्याची कमाल मर्यादा स्प्रिंग ठरवत नाही. ती बंप स्टॉप ठरवतो. बंप स्टॉप म्हणजे आर्म चासीवर आदळू नये म्हणून बसवलेला रबराचा जाड गोळा. खोल खड्ड्यात चाक पूर्ण वर जाते तेव्हा आर्म त्याच गोळ्याला टेकतो, गाडी उंच केलेली असो वा नसो. म्हणून लिफ्टमुळे चाक त्या टोकाच्या जागी कमी वेळा पोहोचते, एवढाच लाभ होतो. तिथे पोहोचल्यावर मोकळी जागा पूर्वीइतकीच असते. शिवाय वळताना मागे घासणारी कड मुख्यतः आडव्या पातळीवर फिरते, त्यामुळे गाडी उचलल्याने केबिनच्या खालच्या आधाराशी असलेले तिचे अंतर फारसे वाढत नाही. उलट एक हानी संभवते: गाडी उंच झाल्यावर आर्म खाली झुकतात आणि कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहिल्यास दिसणारा स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, बदलतो. तो पूर्ववत करण्यासाठी वरचा बॉल जॉइंट मागे नेणारे नवे आर्म बसवले जातात, आणि वरचा जॉइंट मागे गेल्याने चाकाचे केंद्रही थोडे मागे सरकते, म्हणजे जिथे आधीच घासत होते त्याच दिशेला जाते.

बॉडी लिफ्ट ही याहून वेगळी गोष्ट आहे. तिच्यात सस्पेन्शनला हात न लावता चासी आणि बॉडी यांच्यामध्ये जाड ठोकळे घालून केवळ बॉडी वर उचलली जाते, त्यामुळे मडगार्ड आणि केबिनची पुढची भिंत खरोखरच टायरपासून दूर जातात, बंप स्टॉपपर्यंत चाक गेले तरी. पण केबिनचा आधार पेलणारा लोखंडी कंस चासीलाच वेल्ड केलेला असल्याने तो आहे तिथेच राहतो. घासणे त्या कंसाशी असेल तर बॉडी लिफ्टही निरुपयोगी ठरते, आणि बंपर व बॉडी यांच्यात दिसणारी फट, पंख्याचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा यांची जुळणी हे नवे प्रश्न मात्र पदरात पडतात.

म्हणून दुरुस्तीची खरी सुरुवात पैसे खर्च करण्याने न होता शोधण्याने व्हायला हवी: टायर नेमका कुठे लागतो, आणि चाक कोणत्या स्थितीत असताना लागतो? मडगार्डचा आतला भाग धुऊन पुसून घ्यावा, संशयित जागांवर खडू फासावा किंवा कागदी चिकटपट्टी लावावी, आणि मोकळ्या मैदानात अगदी सावकाश गाडी चालवत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना वळवावे. हे पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्ही वेळा करावे, कारण पुढे जाताना ब्रेक लावला की बुश दबून चाक किंचित मागे ढकलले जाते आणि मागे येताना ब्रेक लावला की ते पुढे सरकते. त्यानंतर एक पुढचे चाक उंचवट्यावर चढवून, म्हणजे सस्पेन्शन दाबलेले असताना, तीच तपासणी पुन्हा करावी. खडू पुसला गेलेली जागा आणि टायरवर उमटलेली रेघ या दोन्ही खुणा एकत्र पाहिल्या की निदान जवळपास निश्चित होते: खांद्याच्या ठोकळ्यांवरील खूण वळण्याकडे बोट दाखवते, तळावरील खूण चाक वर जाण्याकडे, आणि आतल्या भिंतीवरील खूण आर्म किंवा अँटी-रोल बारकडे, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या आडव्या पोलादी दांड्याकडे. अधिक काटेकोर पद्धत वापरणारे कारागीर गाडी चासीखाली भक्कम स्टँडवर टेकवतात, शॉक अॅब्सॉर्बरभोवतीची स्प्रिंग काढून ठेवतात आणि मग जॅकने चाक बंप स्टॉपपर्यंत उचलत प्रत्येक उंचीवर स्टिअरिंग फिरवून पाहतात. दाबलेली स्प्रिंग निसटल्यास जिवावर बेतू शकते, त्यामुळे ही पद्धत योग्य साधने असलेल्या गॅरेजातच वापरावी.

खूण कुठे सापडली यावर उपाय ठरतो. टायर आतल्या भिंतीने वरच्या आर्मला किंवा अँटी-रोल बारला लागत असेल तर चाक थोडे बाहेर काढणे हाच उपाय असतो, आणि या एका बाबतीत कमी ऑफसेटचा रिम किंवा हबच्या मध्यावर घट्ट बसणारा दर्जेदार स्पेसर योग्य ठरतो. मात्र तो लागतो त्यापेक्षा १० मिलिमीटरही अधिक नसावा, कारण बाहेर आलेला प्रत्येक मिलिमीटर बाहेरच्या कडेचा कंस वाढवतो आणि हबच्या बेअरिंगवरील तरफेचा भारही. मडफ्लॅप, बंपरच्या आतली प्लॅस्टिकची जीभ आणि मडगार्डचे अस्तर यांना टायर लागत असेल तर काम सोपे असते. मडफ्लॅप काढता येतो, बंपरचा कोपरा आखून कापता येतो आणि अस्तर हीट गनने मऊ करून मागे दाबता येते; अस्तर पूर्णपणे काढून टाकण्याचा मोह मात्र आवरावा, कारण त्यामागे असलेल्या तारा आणि पत्र्याचे सांधे चिखलपाण्यापासून तेच वाचवते. कोकणासारख्या भागात, जिथे चार महिने पावसाचे आणि बाराही महिने खारट हवेचे असतात, तिथे अस्तर नसलेल्या मडगार्डमध्ये गंज लागायला फार काळ लागत नाही.

अस्तर सरकवल्यानंतरही टायर मागे लागत असेल तर कापण्यापूर्वी व्हील अलाइनमेंटचा आधार घ्यावा, कारण हा सर्वांत स्वस्त आणि पूर्णपणे उलट फिरवता येणारा उपाय आहे. टॅकोमासारख्या गाडीत खालचा आर्म चासीला दोन बोल्टांनी जोडलेला असतो आणि त्या बोल्टांवर मध्यापासून सरकलेल्या चकत्या असतात. त्या फिरवल्या की आर्मचे टोक पुढे-मागे आणि आत-बाहेर सरकते. खालचा बॉल जॉइंट पुढे आणला की कॅस्टर वाढतो आणि चाकाचे केंद्र केबिनपासून दूर जाते. दोन बॉल जॉइंटांत ४०० मिलिमीटर अंतर धरले, तर कॅस्टरमधील १ अंशाची वाढ म्हणजे खालच्या जॉइंटचे सुमारे ७ मिलिमीटर पुढे सरकणे, आणि केंद्राला त्याचा काही भाग मिळतो. हे मोजके मिलिमीटर अनेकदा कापणे टाळण्याइतके पुरतात. अलाइनमेंट करणाऱ्या तंत्रज्ञाला हा हेतू आधी स्पष्ट सांगितला पाहिजे, कारण यंत्राच्या पडद्यावर कोन हिरव्या पट्ट्यात आले की काम संपले असे मानण्याची त्याची सवय असते, आणि तोच कोन वरचा जॉइंट मागे नेऊनही मिळू शकतो, ज्याचा परिणाम नेमका उलट होतो.

याने भागले नाही तर केबिनच्या पुढच्या आधाराला हात घालावा लागतो. पुढच्या चाकाच्या मागे, केबिनच्या खालच्या कोपऱ्याखाली, चासीतून बाहेर आलेला पेटीसारखा लोखंडी कंस असतो. त्याच्या मध्यावरील रबरी बुशावर केबिन टेकते आणि त्याचा पुढचा कोपरा टायरच्या वाटेत येतो. हा कोपरा तिरका कापून, उघड्या पडलेल्या तोंडावर तितक्याच जाडीची पट्टी वेल्ड करून ते पुन्हा बंद करणे, हे २८५/७० आर १७ बसवलेल्या टॅकोमांवर नेहमी केले जाणारे काम आहे. येथे पट्टी वेल्ड करणे ऐच्छिक मानू नये. चारही बाजूंनी बंद पेटीला जी ताकद असते ती एक बाजू उघडी राहिली की मोठ्या प्रमाणात कमी होते, आणि हा कंस केबिनचे, म्हणजे पर्यायाने आत बसलेल्या माणसांचे वजन पेलतो. कापताना बुशाभोवतीची गोल पेटी शाबूत राहिली पाहिजे, वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडली पाहिजे, आसपासच्या ब्रेकच्या नळ्या आणि तारांचे जुडगे ठिणग्यांपासून झाकले पाहिजेत, आणि शेवटी आतून-बाहेरून गंजरोधक रंगाचे थर दिले पाहिजेत. याच्या थोडे वर, अस्तरामागे, केबिनच्या पुढच्या भिंतीचे दोन पत्रे एकत्र दुमडून केलेला उभा काठ असतो. तो टायरच्या वाटेत येत असेल तर हातोड्याने आडवा ठोकून त्यावर सांधे बंद करणारे लुकण आणि रंग लावतात. तो कापू मात्र नये, कारण दोन पत्र्यांना धरून ठेवणारे स्पॉट वेल्ड त्याच काठावर असतात.

टायर फक्त चाक पूर्ण वर गेल्यावर वरच्या पत्र्याला लागत असेल तर बंप स्टॉप उंच करावा लागतो, आणि फक्त शेवटच्या काही अंशांत लागत असेल तर स्टिअरिंगच्या रॅकवर चकत्या बसवून वळण मर्यादित करता येते. दोन्ही उपाय खात्रीचे आहेत, पण दोन्हींत गाडीची एखादी क्षमता गमवावी लागते: पहिल्यात सस्पेन्शनची हालचाल घटून खड्डे अधिक जाणवतात, दुसऱ्यात गाडीला वळायला अधिक रस्ता लागतो. घाटातल्या तीव्र वळणांवर दुसरी उणीव रोज सतावते, म्हणून जिथे ऑफसेट बदलून भागते तिथे ती पत्करण्यात अर्थ नाही. मागच्या चाकांचा प्रश्न क्वचितच उद्भवतो, कारण ती वळत नाहीत. माल लादल्यावर पाटे सपाट होऊन लांबतात आणि अॅक्सल थोडा मागे सरकतो, त्यामुळे पूर्ण लादलेल्या गाडीत तेवढी एक तपासणी पुरते.

घासणे थांबले तरी मोठ्या टायरचे इतर परिणाम उरतात. व्यास ७ टक्क्यांनी वाढल्याने स्पीडोमीटरने ताशी १०० किलोमीटर दाखवले तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी सुमारे १०७ किलोमीटरने धावत असते, आणि गिअरची एकूण पकड तेवढ्याच प्रमाणात सैलावते. ब्रेकलाही तितकीच मंदावण्याची गती मिळवण्यासाठी सुमारे ७ टक्के अधिक बळ लावावे लागते, आणि टायरच्या वाढलेल्या वजनाचा भार त्याहून वेगळा. टायरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलू शकतो हे सांगणारा बाजूच्या भिंतीवरचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवली तर चारही चाकांना बळ देण्याची व्यवस्था चालू असताना दोन व्यासांची चाके एकत्र फिरून ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला बळ वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो. भारतात याला कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांवर मर्यादा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असा या कलमाचा अर्थ लावला. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात. येथे मात्र टायर मागवण्यापूर्वी त्याच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांसाठी उत्पादकाने कोणकोणती मापे मान्य केली आहेत हे पाहणे, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवणे, आवश्यक ठरते.

काम पूर्ण झाल्यावर खडूची तपासणी पुन्हा एकदा, पण या वेळी गाडी भरलेली असताना करावी, कारण पुढे विंच किंवा लोखंडी गार्ड बसवलेला असेल तर गाडी खाली बसते आणि रिकाम्या गाडीत न लागणारा टायर लागू लागतो. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरनंतर चाकांचे नट ठरलेल्या बळाने पुन्हा आवळावेत, आर्मच्या चकत्यांवर रंगाची रेघ ओढून ठेवावी, आणि काही आठवड्यांनी ती रेघ तुटलेली दिसली तर चकती सरकली आहे असे समजून अलाइनमेंट पुन्हा करून घ्यावी.